गयेला सोडलेली डाळ

आमच्या माईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हात न टेकता खुर्चीतून उठता येतं का ते बघायला एक बाई स्कूटरवरून आमच्या घरी आली. मी तिला दारातच ऐकवलं, "उठून करायचंय काय त्यांना? लागेल ते बसल्या जागी हातात मिळतं." फुशारकीनंच म्हटलं मी. बँकेतून नुकतीच रिटायर झाले होते, माईंची सेवा कशी करावी ते साऱ्या गल्लीला दाखवून द्यायचा माझा बेत होता. बाईंनी ऐकून घेतलं, चपला काढल्या, "भाभीजी, दो मिनट" म्हणाल्या आणि आल्याच आत.

ह्या बाई कॉलेजात आहारशास्त्र शिकवायच्या. चाळिशीच्या असतील. मूळच्या झाशीजवळच्या मोठ गावच्या, वडिलांचा तिथल्या मंडीत शेंगदाण्याचा व्यापार. सत्तरी ओलांडलेल्या माणसांपैकी काहींची ताकद टिकते आणि काहींची भुसभुशीत भिंतीसारखी ढासळते, ती का, ह्यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. बिजौलीच्या कारखान्यांमागच्या खोल्यांपासून आमच्यासारख्या जुन्या घरांपर्यंत त्या दारोदार हिंडायच्या. पिशवीत वजनकाटा, मोजपट्टी आणि हाताची पकड मोजायचं एक यंत्र. माईंनी पहिल्याच दिवशी त्यांचं नाव ठेवलं, मापवाली. आणि तेच पडलं.

आमच्या सासरची माणसं जुनी झाशीकर. दक्षिणेतून कारभाराला आलेली आणि इथलीच होऊन गेलेली. मी मात्र रेल्वे कॉलनीतली, वडील भुसावळहून बदलून आलेले. लग्न होऊन आले तेव्हा स्वयंपाकघराला मुदपाकखाना म्हणणारी माणसं मी पहिल्यांदा बघितली आणि मला खुदकन हसू आलं. माई म्हणाल्या, "हसून घे. महिनाभरानं तूही म्हणशील." म्हणते.

तर माईंनी त्या दिवशी यंत्र दाबलं. बाईंनी आकडा लिहून घेतला. मग व्हरांड्यातून चालायला लावलं, माई भिंत धरून चालल्या. मग खुर्ची. हात छातीवर आडवे धरायचे आणि उठायचं. माई पुढे झुकल्या, मागे पडल्या, परत झुकल्या. "अगं, ह्या खुर्चीतच काहीतरी खोट आहे," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या नजरेत मला भीती दिसली. ती भीती खुर्चीची नव्हती, पुण्याची होती.

सांगते. माझे मोठे दीर पुण्याला असतात. वहिनी दोन वर्षांमागे गेल्या, मुलगी परदेशात, चार खोल्यांत हे एकटे. माई न्हाणीघरात पडल्याचं कळल्यापासून भाऊजींचा रोज फोन, "दिवाळी झाली की माईला घेऊन जातो. इथे लिफ्ट आहे, दिवसरात्रीची बाई ठेवतो. तिला पलंगावरून पाय खाली टाकायची गरज पडणार नाही." आमच्या ह्यांनाही ते पटलेलं. पटणार नाही तर काय? माईंना माजघरातून अंगणात आणायचं म्हणजे दोघं लागत होतो.

माई माझ्याजवळ म्हणायच्या, "मी तिथं गेले की परत येत नाही बघ." पुण्याला त्या एकदा राहून आल्या होत्या. भाजीवाल्याशी मराठीत बोलल्या तर त्यानं हिंदीतून उत्तर दिलं, आणि सोसायटीतल्या बायका त्यांचं मराठी ऐकून गालात हसल्या. इथे दुपारी ओट्यावर शेजारच्या बायकांची बैठक भरते. माई त्यांच्यात बसून फर्डी बुंदेली बोलतात, कुणाच्या सुनेचं काय आणि कुणाच्या म्हशीचं काय, सगळ्यावर त्यांचा निकाल शेवटचा. पुण्यात ते कुठून आणायचं? म्हणजे गोष्ट साधी होती. माई स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या तर घर राहणार होतं, नाहीतर दिवाळीनंतर गेल्या पुण्याला.

मोजमाप आटोपल्यावर बाईंनी विचारलं, "अम्माजी, खाने में क्या-क्या लेती हैं?" माई ताठ बसल्या. "सब खाती हूँ बिटिया. बहू कोई कमी नहीं होने देती." माझी मान वर झाली. बाईंनी हसून मान डोलावली, पण ते काही लिहून घेतलं नाही. उलट मला म्हणाल्या, "भाभीजी, परसों मैं आपके यहाँ खाना खाऊँगी."

अगं बाई! मी बघतच राहिले. ही मोजायला येते की जेवायला? पण दारी आलेल्याला जेवू नको म्हणायची आमची रीत नाही. त्या गेल्यावर मी ह्यांच्यापाशी यथेच्छ बडबडले. मागाहून कळलं, ती त्यांची कामाची पद्धतच होती. प्रत्येक घरी त्या एकदा म्हाताऱ्या माणसाशेजारी बसून जेवायच्या. मला म्हणाल्या, "पूछो तो सबका पेट भरा रहता है." खरंच आहे की. सुनेच्या देखत 'मला कमी पडतं' असं आमच्यात कोण म्हणेल? ते म्हणजे सुनेच्या तोंडाला काळं फासणं. उपाशी मरतील, पण पोटभर म्हणतील.

ठरल्या दिवशी मी सगळा थाट मांडला. तुरीची आंबटगोड आमटी, वर साधं वरणही, मटकीची उसळ, वांग्याची भाजी, पोळ्या, भात. बाईंनी टेबल नको म्हटलं. माई जिथे जेवतात तिथे, त्यांच्या खोलीत, त्यांना लागूनच मांडी घातली. एरवी माई सगळ्यांचं झाल्यावर आपल्या खोलीत ताट मागवून एकट्या जेवत. लग्न झाल्यापासूनची सवय त्यांची. शेवटी जेवायचं आणि कुणी बघत नाही असं जेवायचं. त्या दिवशी पाहुणीमुळे त्यांची पंचाईत झाली.

मी वाढत होते आणि बाई बोलत होत्या. वांगी कुठली, आमटीत गूळ कशाला, काहीबाही. बोलता बोलता त्यांची नजर मात्र माईंच्या ताटावर. माईंनी आमटीची वाटी हळूच पाहुणीकडे सरकवली, "लो बेटी, तुमको अच्छी लगी है." उसळ डावीकडे तशीच. वरण भाताला लागू नये म्हणून भात ताटाच्या कडेला ओढलेला. पोळी, भाजी, भाताचे चार घास आणि लोणचं, एवढ्यावर त्यांचं जेवण आटोपत आलं होतं. मी म्हटलं, "माई, अहो आमटी घ्या ना, तुमच्या आवडीची केलीय." माई म्हणाल्या, "घेते गं, घेते."

बाईंनी त्यांना काहीच विचारलं नाही. आपल्याच आजीची गोष्ट काढली. एरच गावी असायची आजी. आजोबांचे पिंड द्यायला गयेला गेली आणि आवडतं फळ म्हणून सीताफळ सोडून आली. घरात सीताफळांची टोपली आली की उठून अंगणात जायची. "हम बच्चे बहुत हँसते थे," बाई म्हणाल्या. मग पोळीचा तुकडा मोडत, अगदी सहज, "आपने गया में क्या छोड़ा था, अम्माजी?"

माईंचा हात ताटात थांबला. मग एवढ्याशा आवाजात त्या म्हणाल्या, "दाल."

मी डाव हातात घेऊन उभी. मामंजी गेले त्याला पुष्कळ वर्षं झाली. गयेला आवडीची वस्तू सोडायची असते, हे मला ठाऊक होतं. माई काय सोडून आल्या हे मात्र घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. बोलून दाखवलं तर पुण्य जातं, म्हणून त्या बोलल्या नाहीत. आणि सोडायची ती सगळ्यांत आवडीचीच सोडायची, म्हणून आमटीच सोडली, आणि आमटी सोडायची तर तूर तेवढी कशाला, म्हणून डाळी आणि कडधान्यं झाडून सगळी. माझ्या हातची इतक्या वर्षांची आमटी गेली कुठे? त्यांच्या खोलीच्या खिडकीशी गाय येते, तिच्या पोटात. वर दुधाचा पेलाही बऱ्याचदा 'मला जड होतं' म्हणून शेजारच्या पोराला. अंडं तर आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलंच नाही.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "माई! अहो, गायीला कळलं आणि मला नाही कळलं?" रागही आला होता आणि रडूही. माई खाली मान घालून बसल्या, शाळेतल्या पोरीसारख्या. मला वाटलं, आता ही शिकलेली बाई फाडफाड बोलणार. कसलं गया आणि कसलं पुण्य, मुकाट्यानं डाळ खा म्हणणार. मी स्वतः तेच म्हणायच्या बेतात होते.

बाई म्हणाल्या, "छोड़ा है तो छोड़ा है. वचन दिया है आपने." आणि मग विचारात पडून, "मूँगफली छोड़ी है क्या?"

माईंनी मान वर केली. शेंगदाणा? शेंगदाणा उपासाला चालतो. जो उपासाला चालतो तो डाळ कसा असेल? बाईंना हसू फुटलं. नंतर मला स्वयंपाकघरात म्हणाल्या, झाडांच्या शास्त्रात शेंगदाणा डाळींच्याच भाऊबंदांतला, पण हे तुम्ही त्यांना सांगू नका आणि मीही सांगणार नाही. मग मला सुचलं ते असं, की उपासाला आपण दाण्याची आमटी करतोच की! ती रोज का नाही? काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. मी तिथल्या तिथे दाणे भाजायला घेतले. बाई पुढे बोलतच होत्या, दही, पनीर, दूध एकदम नको, थोडं थोडं, दोनदा. पण आधी रक्त तपासून घ्या, मूत्रपिंडं ठीक आहेत का ते डॉक्टरांना विचारा. मग अचानक बोलता बोलता गप्प झाल्या आणि लगेच निघाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. "भाभीजी, अम्माजी का नाम मैं अपनी स्टडी से हटा रही हूँ."

आता काय म्हणावं ह्याला? पोटभर जेवून गेली, घरातलं गुपित काढून घेतलं आणि वर नाव कापते! मी फोनवरच त्यांना फैलावर घेतलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मग समजावून सांगितलं. चिठ्ठ्या टाकून त्यांनी घरांचे दोन भाग केले होते. एका भागात खाण्याचा, व्यायामाचा सल्ला द्यायचा. दुसऱ्या भागात वर्षभर फक्त मोजायचं, तोंडातून सल्ल्याचा शब्द काढायचा नाही. सल्ल्यानं खरंच फरक पडतो की नुसतं वाटतं, ते त्याशिवाय कळायचं कसं? फार खालावलेलं कुणी सापडलं तर त्याला डॉक्टरांकडे पाठवायचं, एवढी मोकळीक. माईंची चिठ्ठी दुसऱ्या भागात निघाली होती. आणि आमच्या स्वयंपाकघरात बाई बोलून बसल्या होत्या.

मी म्हटलं, "मग काय बिघडलं? मी थोडीच कुणाला सांगतेय?"

"पर मुझे तो पता है ना," त्या म्हणाल्या.

बाकीच्या घरांचं काय, असं मी विचारलं. त्या भागातले म्हातारे वर्षभर तसेच? त्या म्हणाल्या, तेच जड जातं. वर्ष संपल्यावर सगळ्यांना सगळं सांगायचं ठरलेलंच आहे. पण आज मोजल्याशिवाय सांगितलं तर ते माझं मत होईल, आणि मतं काय, पानाच्या टपरीवरही मिळतात. माईंच्या बाबतीत मी बोलून गेले. आता दोनच वाटा, पुढे गप्प बसून नाव यादीत राहू द्यायचं की नाव कापून पुढेही बोलायचं. "मैं बोलना चाहती हूँ, भाभीजी."

माझा राग कुठच्या कुठे गेला. एवढी वर्षं मी बँकेत काढली. चुकीच्या आकड्यावर पांघरूण घालणारे मी ढिगानं बघितले, त्यात मोठ्या खुर्चीतलेही आले. कुणी विचारलेलं नसताना आपला आकडा आपणच खोडणारं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं. एक म्हातारं माणूस कमी झालं म्हणून त्यांना नवं घर शोधायला पुन्हा उन्हातान्हात हिंडावं लागलं. ते मला त्यांनी सांगितलं नाही, त्यांच्या एका विद्यार्थिनीकडून कळलं. त्या दिवसापासून ह्या बाईंबद्दल कुणी वाकडा शब्द काढला तर मी भांडायला तयार असते.

रक्ताचा रिपोर्ट चांगला आला आणि पुढचे महिने आमच्या घरात धुमाकूळ झाला. बाई रविवारी यायच्या, पिशवीबिशवी न घेता, नुसत्या. पहिला हल्ला झाला तो आमच्या ह्यांच्यावर. माईंनी हात हलवला की हे पाण्याचा तांब्या घेऊन धावायचे. बाईंनी त्यांना अडवलं, "भैया, आप पानी लाना बंद कीजिए." ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. आईला पाणी द्यायचं नाही? लोक काय म्हणतील? बाई म्हणाल्या, आपल्याकडे ज्यांची सेवा जास्त होते तेच आधी बसतात. सून पाट मांडते, मुलगा हात धरतो, नात चपला आणून देते. पायांना काम कुठलं राहतं? मी आपली खिडकीबाहेर बघत राहिले. तांब्या त्या दिवसापासून माजघराच्या दुसऱ्या टोकाला गेला.

खुर्चीवर आधी उशा रचल्या, उंच बसलं की उठणं सोपं. मग जमेल तशी एकेक उशी कमी. माई करवादायच्या. "मेली, मला छळायला आलीय ही मापवाली!" गुडघे धरून बसायच्या, रुसायच्या, जेवणार नाही म्हणायच्या. आणि मग दाण्याच्या आमटीची वाटी पुढे आली की हळूच ओढून घ्यायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी ती तोंडाला लावली आणि डोळे मिटले. "आमसूल कमी आहे," म्हणाल्या. तेवढ्यावरून मला कळलं की जमलं. ओट्यावरच्या बैठकीलाही हे कळलं. मग काय विचारता! माई उठायला लागल्या की चार-पाच म्हाताऱ्या एका सुरात "उठो जिज्जी, उठो" करायच्या, आणि त्या हसण्यात माई कधी कधी खरंच उठून जायच्या. दसऱ्याच्या सुमाराला त्या भिंत न धरता अंगणात गेल्या. मी मुदपाकखान्याच्या खिडकीतून बघितलं आणि पदर डोळ्यांना लावला. का खोटं बोलू?

दिवाळी झाली आणि ठरल्याप्रमाणे भाऊजी आले. वाळलेले दिसले. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. खिशात दोन तिकिटं, एक त्यांचं, एक माईंचं. ते नमस्काराला वाकणार तोच माई म्हणाल्या, "थांब." हात छातीवर आडवे घेतले आणि उठून उभ्या राहिल्या. मग दोन पावलं चालून मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. आमचे हे मागे उभे होते, ते तिथूनच म्हणाले, "बघितलंस दादा? आता न्यायचं कारण नाही उरलं."

"कुणी सांगितलं?" माई म्हणाल्या. "मी जाणार आहे."

मी अक्षरशः कपाळावर हात मारला. सहा महिने जिवाचं रान केलं ते ह्यासाठी? "माई, अहो, तुम्हीच म्हणत होतात ना, गेले की परत येत नाही म्हणून?"

"तेव्हा मला दुसऱ्यानं न्यावं लागत होतं गं. परत आणायचं की नाही, ते नेणाऱ्याच्याच मनावर. आता मी जाते आणि मी येते." मग मुलाकडे वळून, "परतीचं काढ."

भाऊजींनी उभ्या उभ्या मोबाईल काढला आणि परतीचं तिकीट काढलं. बाईंना मी भीत भीतच फोन केला. वाटलं, त्यांना वाईट वाटेल, एवढी मेहनत घेतली आणि म्हातारी चालली पुण्याला. त्या खळखळून हसल्या. मला वाटतं थोड्या रडल्याही.

महिन्याभरानं आम्ही दोघं स्टेशनावर गेलो. गाडी वेळेत आली. दारात माई दिसल्या, दांडा धरून एक पायरी, मग दुसरी, खाली उतरल्या. ह्यांनी पुढे केलेला हात त्यांनी बाजूला केला आणि मागे वळून डब्याकडे हाक मारली, "उतर रे, सांभाळून." दारात भाऊजी उभे होते, दोन्ही हातांत बॅगा घेऊन. ते येणार असं कुणीच कळवलं नव्हतं. मी माईंकडे बघितलं.

"घेऊन आले," माई म्हणाल्या. "एकटा जेवतो गं तो तिथे. ताटात काय घेतो, बघायला कुणी नाही."